मूळ अज्ञात म्हणणारे भोईर मास्तर

भोईर मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते नेरळ स्टेशनाबाहेर एका तट्टाच्या पुढच्या पायाशी ओणवे उभे होते. आपला पंजा आडवा धरायचा, त्यावर दुसरा ठेवायचा, पुन्हा पहिला उचलून वर ठेवायचा, असे करत ते खुरापासून खांद्यापर्यंत चालले होते. युद्ध सुरू होऊन वर्ष झाले असेल. मी पुण्याहून ताजा ताजा बी.ए. होऊन कर्जतच्या आमच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला निघालो होतो आणि एका रात्रीपुरता नेरळला मावसभावाकडे उतरलो होतो. काळी टोपी, गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, कोटाच्या खिशातून डोकावणारे कागदाचे चिठोरे. मला वाटले, हा कोण वेडा!

"काय चाललंय?" मी विचारले.

"घोडा किती हँडचा त्ये बघतोय," ते म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावरचे कोरेपण लगाम धरलेल्या महादू घोडेवाल्याने टिपले. साहेबलोकांना माथेरानला वर चढवणे हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "चार इंच म्हंजे एक हँड, रावसायेब. गोरा सायेब घोडा बघाया आला का पयलं त्येच इचारतो. ह्यो तेराचा हाय."

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मला हे ठाऊक नव्हते. माथेरानच्या घोडेवाल्याला ठाऊक होते. कानशिले तापली, आणि मी तिथून काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकतो तो तेच गृहस्थ कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "हे आपले भोईर मास्तर. मॅट्रिक आहेत, पण इंग्रजी चांगलं आहे." त्या 'पण'मध्ये जे काही होते ते मी तेव्हा बिनतक्रार स्वीकारले. पोशीरच्या भातशेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस इंग्रजी शिकवतो याचे मलाही त्या दिवशी हसूच आले होते. आज मास्तरांच्या साठीच्या गौरव अंकात लिहायला बसलो आहे तेव्हा सुरुवातीलाच हे कबूल केलेले बरे.

मास्तर एक पुस्तक लिहीत होते. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत शरीराच्या अवयवांची जी इंग्रजी नावे आहेत, त्यांचे सगळे अर्थ आणि त्यांची मुळे मराठी मुलांसाठी सांगणारे. त्यांची रीत अशी, की एखादा अर्थ कोणा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय किंवा त्याच्या कामात पाहिल्याशिवाय लिहायचा नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्याच्या चिठ्ठ्या करायच्या, एका चिठ्ठीवर एक अर्थ, आणि खाली ज्याच्याकडून मिळाला त्याचे नाव व गाव. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत या चिठ्ठ्या भरलेल्या असत. एका 'हँड' या शब्दाच्याच एकोणीस चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. हात हा तर सरळ अर्थ. मग घड्याळाचा काटा. मग कामावरचा माणूस: कर्जत स्टेशनातला फिटर एकदा "आज तीन हँड कमी हायत" म्हणाला, तेव्हा मास्तर फलाटावरच उभे राहून चिठ्ठी लिहू लागले आणि त्यांची गाडी सुटली. मग हस्ताक्षर. मग पत्त्यांचा डाव. त्यासाठी हा निर्व्यसनी गृहस्थ दोन संध्याकाळी गार्ड लोकांच्या खोलीत पत्ते खेळणाऱ्यांच्या मागे उभा राहिला, आणि गावात बोलवा उठली की मास्तर जुगाराला लागले. घरी पत्नीने विचारले तेव्हा म्हणाले, "खेळलो नाय गं, नुस्तं ऐकलं."

अर्थांपाशी मास्तर रमत, मुळांपाशी मात्र कडक होत. मुंबईच्या एका ग्रंथालयात मोठा कोश पाहायला सुट्टीच्या दिवशी जात, आणि परत येत ते कधी उजळलेल्या चेहऱ्याने, कधी गप्प. फूट आणि आपला पाद, नोज आणि नासा, नी आणि जानु, ब्राउ आणि भ्रू हे शब्द एकाच आजोबांची नातवंडे, हे कळले त्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पेढे वाटले. हँडचे मात्र तसे निघाले नाही. जर्मन, डच या शेजारभाषांत तोच शब्द सापडतो. त्यापलीकडे वाट बंद. 'पकडणे' अशा अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाशी काही पंडित त्याचा धागा जोडतात, पण छातीठोकपणे कोणीच सांगत नाही. मास्तरांनी लिहिले, "मूळ अज्ञात." मी म्हटले, "अहो, हस्त समोर दिसतोय की! हस्त, हात, हँड." ते म्हणाले, "तितंच तर समदी फसतात. विंग्रजीतला ह आनि आपला ह सारका दिसला म्हंजे एक नसतो. हंड्रेडला आपल्यात काय हाय? शत. हॉर्नला? शृंग. हचा जोडीदार आपल्यात शच्या घरी ऱ्हातो. तोंडावळा बघून सोयरीक जमवायची नसती." वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलणारे मास्तर आपल्या माणसांत बसले की असे बोलत. मला ते आपल्यातला कधी समजू लागले ते मला कळलेही नाही.

कदाचित माझ्या हिवतापापासून. कर्जतला आलेल्या देशावरच्या माणसाला हिवताप चुकत नाही. मला दुसऱ्या वर्षी भाद्रपदात आला. क्विनीन सगळे लष्कराकडे चाललेले, बाजारात औषधाला मिळेना. मास्तर खोपोलीला कोणा कंपाउंडरकडे गेले, त्याच्या मुलीला परीक्षेपर्यंत इंग्रजी शिकवायचे कबूल केले आणि गोळ्या घेऊन आले. मला उचलून पोशीरला आपल्या घरी नेले. बारा दिवस त्यांच्या ओटीवर पडून होतो. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही बाई म्हणतो, पेजेची वाटी घेऊन उशाशी बसत. मी तोंड फिरवले की म्हणत, "तोंड कडू झालं तर व्हऊ दे, रं. पोटाला काय ठावं तोंडाचं?" तोवर मास्तर मला 'तुमी' म्हणत. बरा होऊन उठलो तेव्हा मी 'तू' झालो होतो.

हे सगळे लिहिताना लेखणी सुरळीत चालते. यापुढचे लिहिण्यासाठीच खरे तर हा लेख मी स्वतःकडे ठेवून घेतला.

स्वातंत्र्य येणार असे ठरले त्या उन्हाळ्यात मास्तरांचे पुस्तक पुरे झाले. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, भाताच्या गिरणीचे मालक अण्णासाहेब, जे आज या गौरव समितीचेही अध्यक्ष आहेत, त्यांनी ते छापून द्यायचे कबूल केले. झेंडा वर जाईल त्याच दिवशी पुस्तक बाहेर यायचे होते. पुण्याच्या छापखान्यात जुळणी झाली, तपासायची मुद्रिते आली. अण्णासाहेबांनी ती चाळली आणि हँडपाशी अडले.

मास्तर आणि मी दोघेही गिरणीच्या माडीवर हजर होतो. अण्णासाहेब म्हणाले, "मास्तर, नाक आपलं, पाय आपला, गुडघा आपला, भुवईसुद्धा आपली. मग हातच तेवढा परका कसा? इथं हस्त घाला. इंग्रज चाललेत. जाताना त्यांना कळू दे की हातसुद्धा त्यांनी आपल्याकडून नेला."

"नेला असता तर मी पहिल्या पानावर छापलं असतं," मास्तर म्हणाले. "नेलेला नाही."

"मग कुठून आणला?"

"ठाऊक नाही."

"एवढी पंधरा वर्षं खपलात आणि शेवटी ठाऊक नाही?"

"पंधरा वर्षं खपलो म्हणूनच ठाऊक नाही म्हणता येतं, अण्णासाहेब. नाहीतर पहिल्याच दिवशी हस्त लिहून मोकळा झालो असतो."

अण्णासाहेब हसले. त्यांच्या हसण्याचा अर्थ कर्जतमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

चार दिवसांनी त्यांनी मला एकट्याला बोलावले. मुख्याध्यापक जूनमध्ये निवृत्त होत होते. "जागा तुमचीच समजा," ते म्हणाले. "भोईर मॅट्रिक. तुम्ही बी.ए. तुमच्या शब्दाला वजन आहे. दोन ओळी लिहून द्या, मुद्रितात घालू. मास्तरांना काय, वेळ येईल तेव्हा समजावता येईल."

मी लिहून दिल्या. कोणी माझा हात धरून लिहून घेतले नाही, कोणी धमकी दिली नाही. चहा होता, बशीत चिवडा होता, आणि मी सुंदर, सफाईदार मराठीत लिहिले, की 'हँड या शब्दाचे मूळ संस्कृत हस्त या शब्दात आहे, हे विद्वानांना मान्य झाले आहे.' कोणते विद्वान? मी एकटा. हे खोटे आहे हे मला माहीत होते, आणि खरे काय ते मला ज्याने शिकवले त्याच्याच पुस्तकात मी ते घातले.

छापखान्यातून दुरुस्त मुद्रित थेट मास्तरांच्या हाती पडले, हा छापखान्याचा प्रामाणिकपणा. दुपारच्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "हे कोणी लिहिलं?" आम्ही सहाजण होतो. पाचांना खरेच ठाऊक नव्हते. सहावा मूग गिळून बसला. मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. त्यांनी छापखान्याला कार्ड टाकले, की ही ओळ तरी काढा, नाहीतर माझे नाव काढा. अण्णासाहेबांनी दोन्ही नाकारले आणि काम थांबवले. छापखान्यात जुळवलेला अक्षरांचा खिळा सुटा झाला. पंधरा वर्षांचे काम एका ओळीसाठी गेले, आणि गावात लोक म्हणाले, काय हट्टी माणूस हो, हात दाखवून अवलक्षण! असे म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक आज स्वागत समितीत आहेत.

जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो. जुलैमध्ये मास्तरांची बदली खालापूरच्या शाखेत, इंग्रजी नसलेल्या खालच्या वर्गांवर झाली. तो हुकूम अण्णासाहेबांनी तोंडी दिला. कागदावर सही माझी आहे. पोशीरहून रोज जाणे-येणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून मास्तर खालापूरजवळ कुंभिवलीत एका शेतकऱ्याच्या पडवीत राहू लागले आणि शनिवारी घरी येऊ लागले. निवृत्तीपर्यंतची दीड वर्षे अशी गेली. खालापूरला मी तपासणीसाठी दोनदा गेलो. दोन्ही वेळा मास्तर उठून उभे राहिले, वर्गाला उभे केले आणि मला 'सर' म्हणाले. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुखाने परत आलो असतो.

आता साठी. आता शाल, श्रीफळ, मानपत्र, हा अंक. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही आमची गुणग्राहकता! मला तर वाटते मास्तर निवृत्त होऊन निरुपद्रवी झाले म्हणूनच आम्हाला ते इतके थोर दिसू लागले. गेल्या महिन्यात समितीचे चिटणीस माझ्याकडे आले. उत्साहाने फुलून सांगू लागले, की अण्णासाहेबांनी मोठ्या मनाने ते जुने पुस्तक छापून समारंभात मास्तरांना अर्पण करायचे ठरवले आहे. "तुमच्याकडे शाळेच्या कपाटात ती दुरुस्त मुद्रितं आहेत ना? तीच पाठवू या."

"त्यात हँडची ती ओळ आहे," मी म्हणालो.

"असू दे हो. मास्तरांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेत. कोण वाचून दाखवणार आहे त्यांना?"

चिटणीस वाईट माणूस नाही. त्याला ती खरोखर सोय वाटली. म्हणजे मास्तरांच्या नावावर, मास्तरांच्या हातात, मास्तरांच्याच सत्कारात, ते ज्यासाठी आयुष्यभराचे काम सोडून उठले तेच खोटे द्यायचे, आणि त्यांनी ते डोळ्यांना लावून घ्यायचे. आम्ही टाळ्या वाजवायच्या. मी चिटणिसाला बघतो म्हणालो. तीन दिवस बघतच राहिलो. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मुद्रितांचा गठ्ठा घेऊन पोशीरला गेलो.

ओटीवर मास्तर सुपातले तांदूळ बोटांनी चाचपून खडे काढत होते. बाईंनी पाणी दिले, म्हणाल्या, "लई दिसांनी आलास, रं. वाट चुकलास का?" मी मास्तरांना म्हणालो, पुस्तक छापतायत, वाचून दाखवायला आलो आहे. ते सूप बाजूला ठेवून ताठ बसले. मी डोक्यापासून सुरुवात केली. कपाळ, भुवई, नाक. मास्तर मधूनमधून एखादा शब्द माझ्याआधी म्हणत. सगळे पुस्तक त्यांना पाठ होते. हँड आले. अर्थ वाचले. मग मी ती ओळ वाचली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, आणि थांबलो.

ते म्हणाले, "आता सांग, कोनी लिवलं?"

"मी."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापास्नं. 'विद्वानांना मान्य झाले आहे.' ह्ये आपल्या शाळंत दुसरं कोन लिवनार?"

माझा आवाज चढला. स्वतःचाच राग होता, पण निघाला त्यांच्यावर. "मग बोललात का नाही? सगळ्यांसमोर नाव घ्यायचं होतं! बदलीच्या कागदावर माझी सही पाहिलीत, तरी गप्प? वर मला सर म्हणालात!"

"तू बोलशील म्हनून गप ऱ्हायलो," मास्तर म्हणाले. "दोन वर्सं थांबलो. आज बोललास."

बाई आतून दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. मला वाटले आता त्या तरी शिव्या देतील. त्या पदराने तोंड पुसून आत निघून गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांब म्हटले नाही. त्या घरात असे पहिल्यांदा घडले.

मी मास्तरांना विचारले, मला माफ कराल का? ते म्हणाले, "माज्या माफीनं ती वळ खोडली जानार हाय का? जी पोरं पुस्तक वाचतील, त्येंची माग."

मी ओळ खोडली, मास्तरांची मूळ ओळ पुन्हा लिहिली आणि मुद्रिते समितीकडे पाठवली, सोबत कारणाची चिठ्ठी. अण्णासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी निर्णय कळवला: पुस्तक या वेळी होणार नाही, कागद महाग आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि अंक ठरल्याप्रमाणे. अंकाचे संपादन माझ्याकडे आहे ते त्यांनी बदलले नाही. अध्यक्ष अंकात आपला फोटो कोणत्या पानावर आहे तेवढेच पाहतात, आणि तो मी पहिल्या पानावर, मोठा, घातला आहे. माझा मुख्याध्यापकपदाचा राजीनामा समारंभाच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेने लिहून ठेवलेला आहे. तो मागितला जाण्याची वाट मी पाहणार नाही.

पुस्तक छापले जात नाही. निदान एक नोंद छापली जावी म्हणून ती मास्तरांच्या शब्दांत देतो:

"हँड: हात, घड्याळाचा काटा, कामावरचा माणूस, हस्ताक्षर, पत्त्यांचा डाव, घोड्याची उंची मोजण्याचे चार इंचांचे माप. जर्मन, डच या भाषांत हाच शब्द आहे. त्यापलीकडे मूळ अज्ञात. संस्कृत हस्त या शब्दाशी नाते नाही. ज्यास खरे मूळ सापडेल त्याने हे पान खुशाल फाडावे."

ज्या मुलांनी हे वाचले, त्यांची मी माफी मागतो.

समारंभाच्या दिवशी आम्ही सगळे मास्तरांच्या पुढ्यात हार घेऊन उभे राहू. त्यांना आमची तोंडे दिसणार नाहीत, हे आमचे नशीब. पण थंडीत त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि डॉक्टरांना आशा आहे. परमेश्वराजवळ माझे एवढेच मागणे: भोईर मास्तरांना शंभर वर्षांचे धडधाकट आयुष्य मिळो, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसू लागो, आणि उरलेली चाळीस वर्षे आम्हा सर्वांना रोज त्यांच्या नजरेसमोरून जावे लागो.